कौल, कौलु, कूळ आणि कुल : जुन्या कागदातला शब्द कसा ओळखावा

प्रश्न असा आला आहे. देगलूर तालुक्यातल्या एका कुटुंबाला जुन्या पेटीत मोडी कागद सापडला. वर फारसी शिक्का, 'सन 1181 फसली' (फसली म्हणजे महसुली हिशेबाचा सन) आणि मजकुरात 'कौल दिल्हा असे'. बहीण सीमेपलीकडे, तेलंगणातल्या मदनूरकडे दिलेली. तिच्या सासरचे म्हणाले, आमच्यात कौलु म्हणजे दुसऱ्याची जमीन कसायला घेणे, म्हणजे तुमचे पूर्वज कूळ होते. गावातले एक जाणते म्हणाले, कौल म्हणजे देवाचा कौल, जमीन देवस्थानची असणार. तिसऱ्याच्या मते हा कौलारू घराचा कागद आहे. यांत खरे कोणाचे, आणि या कागदावर कूळ म्हणून हक्क सांगता येतो का?

आधी उत्तर. तुमच्या कागदातला कौल अरबी आहे. त्याचा अर्थ सरकाराने किंवा जहागीरदाराने दिलेला लेखी शब्द, बहुतेक वेळा ठरावीक सवलतीने जमीन लावण्याचा. बहिणीच्या सासरचा कौलु याच अरबी शब्दाचा तेलुगू वंशज आहे, पण अर्थाने तो पुढे सरकला आहे. कौलारू घरातले कौल निराळ्याच मुळाचे. आणि कूळ हा तर संस्कृत शब्द. त्याचा कौलाशी रक्ताचा संबंध नाही. नुसत्या या कागदावर आज कूळ म्हणून हक्क उभा राहत नाही. का राहत नाही, ते सविस्तर पाहू, कारण मराठवाड्यात हा घोळ घरोघरी होतो आणि कधी कधी तहसीलच्या अर्जापर्यंत जातो.

अरबीत काफ-वाव-लाम या तीन अक्षरांच्या धातूचा अर्थ बोलणे. त्यापासून 'कौल' म्हणजे उच्चारलेला शब्द, वचन. हिब्रूत याच तीन अक्षरांचा 'कोल' म्हणजे आवाज. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या आहेत. उर्दूतला 'मकाला' म्हणजे निबंध आणि 'कायल होणे' मधला कायल, हे दोन्ही याच धातूचे. कव्वाल आणि कव्वालीही. सूफींच्या चिश्ती परंपरेच्या मैफलीत कौल हा गाण्याचा एक प्रकारच आहे. खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात उरुसाला कव्वाली ऐकणाऱ्याच्या मनात येत नाही की आपल्या पेटीतला कौलनामा आणि समोरची कव्वाली ही सख्खी भावंडे आहेत. पण आहेत.

इथे एक सावधगिरी. कौल, करार आणि कबूल हे तीन शब्द मराठीत इतके जोडीने फिरतात की ते एकच वाटतात. तिन्ही अरबी, पण धातू वेगवेगळे. कागदातही त्यांच्या जागा वेगळ्या. कौल वरून खाली येतो : सरकार देते, रयत घेते. कबुलायत खालून वर जाते : रयत लिहून देते की इतकी रक्कम भरीन. करार दोघांमधला. कौल आणि कबुलायत असा जोड पुष्कळदा असे. तुमच्याकडे एक सापडला तर दुसरा दफ्तरात असण्याची शक्यता धरून चाला.

मराठ्यांच्या, निजामाच्या आणि त्याआधी नगरच्या निजामशाहीच्या काळात कौल मुख्यतः दोन कामांसाठी दिला जाई. पहिले अभय. फौजेच्या धामधुमीने गाव उठून गेले की पाटलाला, शेट्याला, रयतेला परत बोलावण्यासाठी कौल जाई : या, वसा, तुम्हाला उपद्रव लागणार नाही. दुसरे लागवड. पडीक जमीन वहितीस आणायची, तर पहिल्या वर्षापासून पूर्ण धारा मागून कोणी येत नाही. म्हणून इस्तावा कौल : पहिल्या साली थोडी रक्कम, दरसाल चढती, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण दस्त, म्हणजे पूर्ण सारा. नवी पेठ वसवताना वाण्या-उदमींना काही वर्षे जकात-पट्टी माफ करणारा कौलही याच जातीचा. दख्खनमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हा शब्द जसाच्या तसा उचलला आणि 'काउल' असा लिहिला. त्यांच्या लेखनात त्याचा अर्थ कधी जमिनीचा पट्टा, तर कधी अभयपत्र. इंग्रजी सूचीत हा शब्द शोधताना कौल, कोल, काउल, कोवल अशी सगळी स्पेलिंगे तपासा.

आता तेलुगू. हैदराबाद राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि तेलंगण एकाच दफ्तराखाली होते. तोच 'कौल' तेलुगूत जाताना शेवटी उकार घेऊन 'कौलु' झाला. तिकडे त्याचा अर्थ अरुंद झाला : मालकाला ठरलेली रक्कम देऊन त्याची जमीन कसणे. कसणारा तो कौलुदारु किंवा कौलु रैतु. तेलंगणाने 2018 साली रैतु बंधु योजना आणली, तेव्हा पैसे पट्टेदार मालकाच्या नावावर गेले आणि कौलु रैतु बाहेर राहिला, यावर बराच वाद झाला. सीमेवरच्या मराठी माणसाने तेलुगू बातमीतला 'कौलु रैतु' आपल्या कानाने 'कौल मिळालेला शेतकरी' असा घेतला, तर अर्थ साफ उलटा होतो. आपल्याकडे त्याला म्हणायचे बटईने, ठोक्याने, मक्त्याने कसणारा. कायद्याच्या भाषेत, अटी पुऱ्या झाल्या तर, कूळ. म्हणजे मूळ एकच असून अर्थ वेगळा, आणि मूळ वेगळे असून अर्थ जवळचा, असे दोन्ही प्रकार या एकाच जोडीत आहेत. सारा गुंता इथूनच सुरू होतो.

कन्नडमध्येही 'कौलु' म्हणजे पट्ट्याने घेणे-देणे. पण उमरगा, निलंगा, देवणी या पट्ट्यात आणखी एक शब्द कानावर पडतो, 'कवलु'. तो अस्सल द्राविड. अर्थ फाटा, फांदी. 'कवलुदारि' म्हणजे रस्त्याचा फाटा. घाईने बोलताना तो 'कौलु'सारखाच ऐकू येतो. जमिनीची चतुःसीमा तोंडी सांगताना कोणी कन्नड भाषक 'कवलु' म्हणाला, तर तो पट्ट्याबद्दल बोलत नसून वाटेच्या किंवा ओढ्याच्या फाट्याबद्दल बोलत असण्याचा संभव अधिक.

छपरावरच्या कौलाचे मूळ संस्कृत 'कपाल' या शब्दाकडे नेतात. कपाल म्हणजे खापर, मातीच्या भांड्याचा तुकडा, आणि त्यावरून डोक्याची कवटी. यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीची पिठाची रोटी, ज्या खापरांवर भाजत, त्यांनाही कपालच म्हणत. आपले कपाळ त्याच शब्दातून आले. देशी कौल कसे होते ते पाहिले की खापराचा संबंध लगेच पटतो : कुंभार चाकावर मातीची निमुळती नळी काढतो, ती ओली असतानाच उभी चिरून दोन भाग करतो, वाळवतो, भट्टीत भाजतो. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी. मंगलोरी कौल ही नंतरची गोष्ट. मंगळुरूला बासेल मिशनने 1865 साली कारखाना काढल्यावर ती साच्यातली चपटी कौले पसरली. मराठवाड्याच्या मोठ्या भागात मुळात कौलारू घरे कमी. पाऊस कमी, म्हणून माळवद, धाब्याचे घर, वर पांढरी माती. किनवट-माहूरकडे पाऊस वाढतो तशी उतरती छपरे दिसतात, आणि तिथे लोक 'कवेलू' म्हणतात. तेलुगूत छपराच्या कौलाला 'पेंकु' आणि कन्नडमध्ये 'हेंचु'. त्यामुळे सीमेपलीकडच्या माणसाला 'कौल फुटले' हे वाक्य काहीच सांगत नाही.

कागदात कोणता कौल आहे हे ठरवायला पहिली आणि सगळ्यात भरवशाची खूण लिंगाची. वचनाचा कौल पुल्लिंगी : तो कौल, कौल दिला, कौल मोडला. छपराचे कौल नपुंसकलिंगी : ते कौल, ती कौले, कौल फुटले. तुमच्या कागदात 'दिल्हा असे' आहे. 'दिल्हा' हे 'दिला'चे जुने रूप, पुल्लिंगी. तिसऱ्या गृहस्थांचे कौलारू घर एवढ्यावरच बाद होते. क्रियापदेही साक्ष देतात. वचनाचा कौल देतात, घेतात, मागतात, लावतात. छपराची कौले चढवतात, परततात. घराची कौले पाहायची तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये पाहा. तिथे कौलारू, धाब्याचे, पत्र्याचे असे घराचे वर्णन असते.

दुसरी खूण कानाची. मराठवाड्यातली दखनी उर्दू बोलणारी मंडळी अरबी काफ, म्हणजे घशातला क, 'ख' करतात. कब्र ती खब्र, तसा कौल तो 'खौल'. जुना उर्दू कागद एखाद्या बुजुर्गाने वाचून दाखवला आणि ते 'खौलनामा' म्हणाले, तर शब्द नक्की अरबी. 'खौलना' म्हणजे उकळणे या हिंदी शब्दाशी त्याचा संबंध लावू नका. कवेलूतला क मात्र दखनीतही क-च राहतो. आणि 'कुल' म्हणजे एकूण, हा अरबी असला तरी वेगळ्या, साध्या क-चा, म्हणून तोही 'कुल'च ऐकू येतो.

हा 'कुल' फार फसवतो. उर्दू उताऱ्यात 'कुल रकबा' म्हणजे एकूण क्षेत्र. त्याचे देवनागरीत रूपांतर करताना कोणी 'कूळ रकबा' लिहिले की मालकाच्या साऱ्या जमिनीवर कागदोपत्री कूळ उभे राहते. चूक एका अक्षराची, पण निस्तरायला वर्षे जातात. कुलमुखत्यारपत्रातले 'कुल' हेच अरबी : सर्व अधिकार असलेला मुखत्यार. कुलकर्णी आणि कुलगुरू यांतले कुल संस्कृत. कुलूप या दोन्हींत नाही. ते अरबी 'कुफ्ल' उलटेसुलटे होऊन आले. कुतुबशाहांच्या नावातला 'कुली' तुर्की 'कुल' म्हणजे दास, सेवक यावरून. आणि तेलुगू, कन्नड, तमिळमधली 'कूलि' म्हणजे मजुरी, ती द्राविड. तेव्हा 'कूलि' आणि 'कौलु' एकाच तेलुगू वाक्यात आले तर पहिला रोजंदारीचा माणूस, दुसरा पट्ट्याचा. दोघांनाही 'कूळ' असे भाषांतर झालेले पाहायला मिळते. पहिल्यासाठी ते सरळ चूक आहे.

आता खुद्द कूळ. संस्कृत 'कुल' म्हणजे घराणे. दख्खनच्या महसुलात त्याचा अर्थ झाला : ज्याच्या नावाने खाते आहे, जो सारा भरतो ते घर. गावचा हिशेब कुळवार असे. कुळझाडा म्हणजे कुळागणिक मांडलेला गावाचा ताळेबंद. सावकाराच्या वहीत कूळ म्हणजे ऋणको. म्हणजे अठराव्या शतकातल्या कागदात 'कूळ' दिसले, तरी त्याचा अर्थ 'दुसऱ्याची जमीन कसणारा' असेलच असे नाही. अनेकदा तो आज ज्याला खातेदार म्हणतो तोच असतो. आजचा अर्थ कायद्याने घट्ट केला. मराठवाड्याला पश्चिम महाराष्ट्राचा 1948 चा कूळकायदा लागू नाही आणि विदर्भाचा 1958 चा नाही. आपल्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 लागतो. पुण्याच्या पुस्तकातली कलमे इथे लावणारे अर्ज याच कारणाने फेटाळले जातात.

एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी. संस्कृतात 'कुल'पासूनच 'कौल' असे विशेषण होते : कुलमार्गाचा, कौल संप्रदायाचा. शैव-शाक्त परंपरेतला हा मोठा प्रवाह. मत्स्येंद्रनाथांच्या नावावर असलेला 'कौलज्ञाननिर्णय' हा ग्रंथ नेपाळातल्या हस्तलिखितावरून 1934 साली छापला गेला. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव ही गुरुपरंपरा थेट पैठणजवळच्या आपेगावाशी येऊन मिळते. काश्मिरी कौल आडनावही याच संप्रदायाकडे नेतात. म्हणजे मराठी कूळ आणि काश्मिरी कौल ही एका घरची, तर मराठी कौल आणि काश्मिरी कौल यांची ओळखदेख नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसल्यावर पंजाबी भाषक 'कौली' मागतो, तो वाटी मागतो, तेवढेच.

देवाच्या कौलाबद्दल. देवाला कौल लावणे यातला शब्द अरबीच आहे : देवाने दिलेला शब्द. कोकणात आणि गोव्यात मूर्तीला ओल्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवून उजवीकडचे पडते की डावीकडचे हे पाहतात. उजवा कौल म्हणजे होकार. तिथूनच मतदारांचा कौल आणि नाणेफेकीचा कौल आले : आपल्या हातात नसलेला, ऐकून घ्यायचा निर्णय. पण जमिनीच्या कागदातल्या 'कौल' शब्दावरून जमीन देवस्थानची ठरत नाही. देवस्थानची असेल तर कागदात इनाम, देवस्थान, पूजा-नैवेद्य, दिवाबत्ती असले शब्द येतील. ते नसतील तर तो अंदाज सोडून द्या.

मोडी कौलनामा वाचताना हा क्रम ठेवा. प्रथम देणारा : 'अज' या फारसी शब्दानंतर येतो; अज म्हणजे 'कडून'. नंतर घेणारा, 'यासी' किंवा 'यास' लागलेला. नंतर 'दिल्हा कौल ऐसा जे', आणि त्यापुढे खऱ्या अटी : कोणती जमीन, किती मुदत, कोणत्या साली किती रक्कम. शेवटी 'मोर्तब सुद', म्हणजे मजकूर पुरा झाल्याची खूण, आणि शिक्का. बहुतेक चुका अटींच्या भागात होतात, कारण वाचणारा 'कौल' शब्दाशीच थांबतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा भेद नाही, त्यामुळे 'कुल' आणि 'कूल' एकच दिसतात. ल आणि ळ मात्र वेगळे आहेत, तिथे नजर रोखा. 'कउल' असे लेखनही आढळते. ते कूळ म्हणून वाचू नका. उर्दू कागद शिकस्ता, म्हणजे घाईच्या तुटक वळणात असेल तर काफवरचे दोन ठिपके लेखक गाळतो आणि अक्षर फ-सारखे दिसते. शब्द लागत नसेल तेव्हा तिथे काफ धरून पाहा. रकमा पुष्कळदा सियाक, म्हणजे जुन्या फारसी हिशेबाच्या सांकेतिक अंकांत असतात. त्या नुसत्या उर्दू वाचणाऱ्याला लागत नाहीत, सियाक जाणणाराच गाठावा लागतो.

सालाचे गणित सोपे आहे, पण चुकते. फसली सनात 590 मिळवा, वर्षाच्या उत्तरार्धासाठी 591. तुमचे 1181 फसली म्हणजे 1771-72. मराठी दफ्तरातला शुहूर सन असेल तर 599, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत 600. शुहूर सन बहुधा अरबी शब्दांत लिहितात, आणि एककापासून सुरू करतात : इसन्ने 2, सबैन 70, मया 100, अलफ 1000, म्हणून 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे 1172, इसवी 1771-72. 'मया' शंभर आणि 'मयातैन' दोनशे यांत गल्लत झाली की कागद एका शतकाने सरकतो. निजामाच्या शेवटच्या काळातली फसली ऑक्टोबरात सुरू होई. 1353 फसलीचा पहिला दिवस 6 ऑक्टोबर 1943. त्या काळच्या कागदात महिना पाहिल्याशिवाय साल ठरवू नका.

आता हक्काचा मुद्दा. 1771 चा कौल इतके सिद्ध करतो की त्या साली तुमच्या पूर्वजाला अमुक जमीन अमुक अटींवर लावून दिली. देणारा सरकार किंवा जहागीरदार असेल, तर पूर्वज महसूल भरणारा होता. खासगी मालकाचा खंडकरी होता असे यातून निघत नाही. 1950 च्या कायद्याने संरक्षित कूळ ठरायला विसाव्या शतकातल्या, कायद्याने सांगितलेल्या मुदतीत सलग किमान 6 वर्षांची कसणूक लागते. त्याचा पुरावा दुसऱ्या कागदांत आहे : 1954-55 ची खासरा पाहणी, संरक्षित कुळांची नोंदवही, सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंदवही), आणि त्यानंतरचे फेरफार. सातबाऱ्यावर कुळाचे नाव आणि इतर अधिकार यांच्या जागा पाहा. तिथे पूर्वजांचे नाव असेल तर हक्काची बाजू त्या नोंदीवर उभी राहते, कौलावर नाही. नसेल तर कौलनामा जोडून अर्ज करण्यात वेळ आणि पैसा घालवू नका. सीमेपलीकडच्या कार्यालयात तोच कागद दाखवायची वेळ आली, तर भाषांतरकाराला 'कौलु' लिहू देऊ नका. तिथला वाचणारा त्याचा अर्थ भाडेपट्टा असाच घेईल. 'सरकारने सवलतीच्या साऱ्यावर दिलेले लागवडीचे आश्वासनपत्र' असा अर्थ उलगडून लिहून घ्या आणि मूळ शब्द कंसात ठेवा.

कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही जातात आणि पुन्हा सोडवता येत नाहीत. घडी जबरदस्तीने उघडू नका. सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा, शिक्क्याचा जवळून वेगळा. आणि पाठीमागचाही घ्या : दफ्तरात दाखल झाल्याचा शेरा बहुधा मागच्या बाजूला असतो, आणि त्या शेऱ्यावरूनच कबुलायतीचा जोडकागद शोधता येतो.